गसचा पहिलाच खरा

...नाही नाही, पाचवा नका बघू. पाचवा बघितलात तर मला शोधत याल भांडायला. गसचा बघायचाच तर पहिला बघा, आणि मग डोळे मिटून सरळ सहाव्यावर या. मधले — दुसरा आपला ठीकय, चालून जातो, ताप आला असेल आणि रिमोट लांब राहिला असेल तर — तिसरा आणि चौथा म्हणजे नुसता धिंगाणा, आणि पाचवा... पाचव्याचं नाव नको. अहो पण खरंच? गस डेव्हरचा एकही सिनेमा नाही पाहिलात? एकही? हळू बोला बाई, हळू. हे फिलाडेल्फिया आहे. तो दारावर खुर्ची टाकून बसलेला म्हातारा दिसतोय ना, मिस्टर फ्लड — त्यानं ऐकलं तर तुम्हाला उचलून रस्त्यावर ठेवील. इथं लोक देव मानत नाहीत एकवेळ, पण गस मानतात. एक बॉक्सर, छपरांना डांबर लावणारा, आणि त्याच्यावर सहा सिनेमे — सातवा या थंडीत येतोय. सहा सिनेमे आणि तुम्ही एकही नाही! काय? घरात लावू देत नाहीत? कोण, नवरा? का बरं? 'सगळं खोटं असतं' म्हणतो? अहो, खोटं तर असतंच. खरं बघायचं असतं तर मी आत नसते का बसले?

बसा ना नीट, सरका इकडे. हा बाक दोघींना पुरतो. पिशवी खाली ठेवा, कोणी नेत नाही. मी नेहमी इथंच बसते, या युनियनच्या हॉलमध्ये फाईट असली की हा बाक माझा. वर ते जुन्या पुढाऱ्यांचे फोटो बघितलेत? तो टकलू आणि मी आता दोस्त झालोय. लोक विचारतात, दामारिस, तू आत का येत नाहीस — मी सांगते, बाळाला आवाज सोसत नाही. ही माझी मिला. आवाज सोसत नाही म्हणे! हिच्या कानाशी आगीचा बंब गेला तरी ही अशीच, तोंड उघडं टाकून. सोसत नाही ते मला. पण असं सांगितलं की लोक लगेच म्हणतात, अगं मग लग्न कशाला केलंस बॉक्सरशी. मी लग्न केलं तेव्हा तो बॉक्सर नव्हता, लाँड्रीच्या दुकानात मशीन दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी पिशवीला बुक्क्या मारायचा. पिशवीची मला कधी भीती वाटली नाही.

सुरू झाली वाटतं. हो, घंटा झाली. पहिला राउंड. माझ्याशी बोलत राहा हं तुम्ही — म्हणजे मीच बोलते, तुम्ही नुसतं हूं म्हणा. तुम्हीही त्यातल्याच दिसता, आत न बसणाऱ्यातल्या. मी बघितलं मघाशी, घंटेच्या आधीच उठून आलात. चांगलंय. मला वाटायचं मी एकटीच. हे घ्या, लिंबाचा बर्फ घ्या, वितळतोय नुसता — घ्या हो, मला सगळा नाही संपत. आणि मी तुला 'अगं'च म्हणते आता, चालेल ना? तू माझ्याएवढीच दिसतेस, उगीच अहो-जाहो करत बसले तर सहा राउंड जायचे नाहीत.

तर गसचं सांगत होते. पहिला भाग. त्याचं काय आहे, आमच्या भागातच शूटिंग झालं सगळं, म्हणून प्रत्येकाला वाटतं सिनेमा आपल्या घरचा. माझ्या सासूबाईंचं कोपर आहे दुसऱ्या भागात. खरंच! गस पायऱ्यांवरून उठतो, आणि मागच्या खिडकीतून एक कोपर बाहेर येतं — ते सासूबाईंचं. दरवर्षी थँक्सगिव्हिंगला टीव्हीवर सकाळपासून लागोपाठ सगळे भाग लागतात, आणि सासूबाई हातातला डाव टाकून धावत येतात, 'थांबवा, थांबवा, आलं बघा!' आणि आम्ही सगळे थांबवून कोपर बघतो. मग जेवतो. भाजलेलं डुकराचं मांस, तुरीच्या दाण्यांचा भात — आमच्या घरी टर्की कोणी खात नाही, टर्की शेजाऱ्यांना दाखवायला असते. तिसऱ्या भागाला पुरुष पेंगायला लागतात, चौथ्याला घोरतात, आणि सहाव्याला बरोबर जागे होतात, कोणी उठवत नाही हं, आपोआप! इतक्या वर्षांची सवय. झोपेतसुद्धा कळतं कुठला भाग चांगला आहे ते.

ऐकलंस? ओरडले. हे आपले ओरडले — एफ्राइनचे. एफ्राइन म्हणजे माझा नवरा. लाल कोपऱ्यातला. आता हा आवाज चांगला असतो, हा 'हाऽऽ' असा वर जाणारा. खाली जाणारा असला की मी पोरीचे मोजे काढून परत घालते. हात गुंतलेले बरे.

पहिला भाग असा आहे बघ. गस डांबर लावतो आठवडाभर, आणि शनिवारी आगगाडीत बसून परगावी जातो. कशाला? तर हरायला. म्हणजे त्याचा धंदाच तो. प्रत्येक गावात एक लाडका बॉक्सर असतो, त्याला कोणीतरी पाडायला लागतो ना, की लोक खूश, लाडका खूश — तर तो पडणारा गस. प्रामाणिकपणे मार खातो, पैशांचं पाकीट घेतो, रात्रीच्या गाडीनं घरी येतो. बायको मार्गी — ती कधी फाईट बघत नाही, ती स्टेशनवर जाते फक्त त्याला आणायला, एका डब्यात बर्फ घेऊन. डोळ्याला लावायला. आणि काही बोलतच नाहीत ती दोघं! घरापर्यंत चालत येतात, तो बर्फ धरून, ती त्याची पिशवी धरून. त्या चालण्याला मी दरवेळी रडते. आणि मग शेवटी एकदा — कुठलं तरी लहान गाव, हॉल भरलेला, आणि गस पडतच नाही. का पडत नाही ते सांगत नाहीत हं. तेच तर छान आहे. पुढच्या सगळ्या भागांत कारणं देतात — देशासाठी, मेलेल्या मित्रासाठी, कशा ना कशासाठी. पहिल्यात काहीच नाही. नाही पडत आज, बस. आणि जिंकतो. आणि हॉल — हॉल एकदम गप्प. कारण त्याला जिंकताना बघायला कोणी तिकीट काढलेलंच नाही. एवढा मोठा हॉल, माणूस मधे उभा, हात वर केलाय त्याचा, आणि कोणी हुं का चूं नाही. आणि मग दारातून टाळ्या. एकटीच्या. मार्गी आलेली असते त्याच्या मागोमाग, पहिल्यांदाच. ती दारात उभी राहून वाजवतेय. संपला सिनेमा. बघ, काटा आला. दरवेळी येतो.

मिस्टर फ्लड! किती झाले? — दोन. दोन झाले. दोन्ही कोणाचे? मान हलवतोय नुसती. त्याला तोंड उघडायचे वेगळे पैसे लागतात.

आता यावर थांबायचं की नाही? तूच सांग. पण एवढं चाललं म्हटल्यावर ते कसले थांबतात. दुसऱ्या भागात परत तीच फाईट, त्याच माणसाशी, फक्त आता बर्फ पडतोय. ठीकय, त्यात तो स्वतःच्या घराचं गळकं छप्पर नीट करतो तेवढा भाग मी बघते, आणि कोपर. तिसऱ्यात तो श्रीमंत. पोहायचा तलाव, कुत्रे, आणि — ऐक हं — मार्गीच दुसरी! नटीनं जास्त पैसे मागितले असतील नाहीतर काय, पण वेगळीच बाई आणून ठेवली, सोनेरी केसांची, आणि सिनेमात कोणाच्या लक्षातच येत नाही! नवरा म्हणतो 'मार्गी', पोरं म्हणतात 'आई', कुत्रासुद्धा शेपूट हलवतो. आमचे चागोकाका म्हणाले, 'एवढे फटके डोक्यात बसल्यावर बायको ओळखू येत नाही, बरोबरच दाखवलंय.' तेव्हा किती हसलो होतो आम्ही. आणि चौथ्यात तर जहाजावर फाईट. जहाजावर! समुद्रात वादळ, रिंग या बाजूला कलतेय, त्या बाजूला कलतेय, समोरचा माणूस कपाटाएवढा, आणि तो घसरतो आणि गस जिंकतो. म्हणजे जिंकलं कोण, समुद्र! पण पिक्चरला गेलो सगळे. पूर्ण गल्ली गेली. शिव्या घालत बाहेर आलो आणि आठवड्यानं परत गेलो. का ते विचारू नकोस. मी खूप विचार केलाय यावर, दूध पाजत बसलं की माणसाला दुसरं काय काम — मला वाटतं पहिल्यात त्या माणसानं आपल्याला काहीतरी दिलेलं असतं, आणि मग तो कितीही वेड्यासारखा वागला तरी आपण जातो, बसतो, वाट बघतो, की देईल परत. घरातल्या माणसाचं करतो ना, तसं.

अगं, खाली गेला आवाज. 'ओऽऽ' झालं. ऐकलंस ना? मोजे. कुठे गेला हिचा दुसरा मोजा — आणि तू काय गं, हसतेस? हसलीस तू आत्ता. तोंडावर हात ठेवलास, पण मी बघितलं. मघाशी सगळे खुशीत ओरडले तेव्हा तू डोळे मिटले होतेस. सगळं उलटंच तुझं. बावरलीयस, दुसरं काय. माझी नणंद अशीच, अंत्यविधीला हसू येतं तिला.

प्रेटझेल खातेस? मोहरीची चटणी लावून घे, कोरडा काय खातेस — अशी नाही, वरून, रेघ ओढायची. इथली नाहीस ना तू? मला वाटलंच. इथल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बसनं आलीस? मग दमली असशील. मग कोणाची पाहुणी? आज आतली सगळी माणसं तर आमच्याच गल्लीची. कारण तिकिटं एफ्राइननंच विकली ना. तुला माहीत नसेल, लहान फाईटींचं असंच असतं — बॉक्सरनंच घरोघर जाऊन तिकिटं खपवायची. ज्याची तिकिटं खपतात तो लाल कोपऱ्यात. न्हावी, लाँड्रीवाल्या ओर्तिसबाई, पाद्रीबाबा, माझा दाताचा डॉक्टर — सगळे आत आहेत. महिनाभर तो रोज संध्याकाळी फिरत होता, पोरीला कडेवर घेऊन, म्हणे बाळ बघितलं की कोणी नाही म्हणत नाही. आणि समोरच्याला कुठून तरी बोलावून घ्यायचं. ते चागोकाका बघतात, एफ्राइनचे काका, तेच त्याचे मॅनेजर. त्यांना माणसं बरोबर सापडतात — वय झालेला असावा, पोट थोडं सुटलेलं, शेवटच्या सगळ्या फाईटी हरलेला, पण लगेच आडवा होणारा नको, नाहीतर लोकांना वाटतं पैसे फुकट गेले. आजचा टोलेडोहून आणलाय. म्हणजे गरीबच असणार बिचारा. येतात, मार खातात, पाकीट घेतात, बसनं परत जातात. काका म्हणत होते, याला आणायला सोपं गेलं, यानं काहीच विचारलं नाही, फक्त विचारलं की बायकोला बरोबर आणली तर चालेल का.

हळू खा, ठसका लागेल. पाणी देऊ?

चार झाले, बोटं दाखवतोय बघ मिस्टर फ्लड. चार राउंड. एवढे जायला नको होते. काका म्हणाले होते, तिसऱ्यात आटपेल.

पाचव्याचं विचारत होतीस. विचारत नव्हतीस? मग मीच सांगते, बोलले नाही तर मी त्या दारातून आत पळत जाईन. पाचवा भाग असा आहे की गस विसरायला लागतो. गाडी कुठे लावली ते विसरतो, पोराचं नाव विसरतो. डॉक्टर सांगतो, आता बस, आणखी एक फटका आणि संपलं. इथपर्यंत ठीक. आणि मग काय करतात? तो लढतोच, शेवटच्या राउंडमध्ये त्याला एक जबरदस्त बुक्की बसते — आणि त्याला सगळं आठवतं! एकदम! लग्न, पोराचा जन्म, गाडी कुठे लावली ते, सगळं! संगीत वाजतं, घोडे धावल्यासारखं. मार खाऊन आठवण परत येते म्हणे. कोणी लिहिलं असेल ते? त्याला कधी कोणी मारलंय का? थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहून हसत होते. मी तर सगळ्यात जास्त. आता लागला की मी उठून भांडी घासते. सासूबाई म्हणतात, 'दामारिसला पाचवा भाग इतका आवडत नाही की भांडी घासते,' आणि हसतात सगळे.

म्हणजे काही नाही गं. असंच. माणूस दमतो. दिवसभर मशीनं, संध्याकाळी सराव. चाव्या फ्रीजमध्ये ठेवतो कधी कधी — तुझा ठेवत नाही? सगळेच ठेवतात. पोरीला त्याच्या बहिणीच्या नावानं हाक मारतो. ते पण सगळे मारतात. फक्त मागच्या महिन्यात... मागच्या महिन्यात तो लाँड्रीतून घरी आला, कपड्यांची पिशवी खांद्यावर, शीळ घालत. कपडे टेबलावर ठेवले, घड्या केलेले, इतके छान — आणि मी म्हटलं, मिला कुठाय? तर त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणजे, आठवत नाही असं नाही. मी कुठल्या मिलाबद्दल बोलतेय, असं बघितलं. क्षणभरच. आणि तेवढ्यात ओर्तिसबाई आल्याच कपड्यांचा गाडा ढकलत, आत मिला, 'अरे राजा, कपडे नेलेस आणि पोर ठेवून गेलास,' आणि हसल्या. तो हसला. मीही हसले. सगळी गल्ली हसली, न्हाव्यानं त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं, 'आज डोकं घेऊन आलायस ना, कापायला?' मी अजून हसतेच आहे. बघ.

तुला सांगते, आणि तू इथली नाहीस म्हणून सांगते, उद्या तू आपल्या गावी आणि मी माझ्या. आमचं ठरलंय. तो जिंकला तर पुढची फाईट अटलांटिक सिटीला, मोठी, टीव्हीवर, आणि समोर कोण माहितीय? असा एक आहे की त्याच्या फाईटीनंतर समोरच्याच्या घरची माणसं दवाखान्याच्या दारात जेवतात. आणि हरला तर बस. हातमोजे काकांना परत. माझ्या भावानं ब्रेडच्या भट्टीत जागा बघून ठेवलीय, पहाटेची पाळी, पाव भाजायचे. पाव कोणाला मारत नाहीत. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय मला — हरलो तर थांबलो. तर मी... काल चर्चमध्ये गेले. मेणबत्ती लावली. सासूबाईंना वाटलं, जिंकू दे म्हणून. त्यांनी पण लावली शेजारी. माझी विझत होती सारखी, सासूबाईंनी आपल्या मेणबत्तीवर पेटवून दिली परत. आणि मी मनात काय म्हणत होते — हरव. देवा, हरव माझ्या नवऱ्याला. पण उभ्या-उभ्या हरव. पाडू नको, लागू देऊ नको, नुसतं गुणांवर, थोड्याशा गुणांवर. असं कुठली बायको मागते? आणि मागून काय उपयोग, काकांनी तो टोलेडोचा असा निवडून आणलेला — काय बाई नाव त्याचं, जी वरून काहीतरी, गॅरी, जेराल्ड —

काय म्हणालीस?

ग्रोव्हर. हो, ग्रोव्हर पेटिस. बरोबर. ग्रोव्हरच.

पण तुला कसं... पोस्टरवर तर त्याचं नाव नाहीये. काकांनी छापलंच नाही, फोटो एफ्राइनचा आणि खाली 'विरुद्ध टोलेडोचा बॉक्सर', एवढंच. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या फळ्यावर, सगळीकडे तसंच आहे. नाव कोणालाच माहीत नाही. मला नाही आठवत, तर तुला —

अगं बाई.

तुम्ही... तुम्ही त्यांच्या...? बसनं आलात. हो. बसनंच आलात ना. आणि मी पोट सुटलेला म्हणाले. अहो मी — तसं नव्हतं म्हणायचं मला. चागोकाका म्हणतात असं, मी नाही, मी तर बघितलेलंसुद्धा नाही त्यांना. आणि तुम्हाला प्रेटझेल कसा खायचा ते शिकवत बसले. काहीतरी बोला ना. शिव्या घाला. तुमच्या पिशवीत — तो टॉवेल त्यांचा आहे ना? मला वाटलं पोहायला बिहायला जाणार असाल. मूर्ख आहे मी.

हसू नका. म्हणजे हसा, चालेल. मी तुमच्या नवऱ्यासाठी मेणबत्ती लावली, बघा. नाव माहीत नसताना. आणि सासूबाईंच्या ज्योतीवर पेटली ती. त्यांना कळलं तर मला घराबाहेर काढतील, मग येते टोलेडोला तुमच्याकडे राहायला.

खरं सांगा. ते बरे आहेत का? खेळतात का नीट? नाही, म्हणजे... परगावी कधी जिंकलेच नाहीत? कधीच? मग येतात कशाला? ...पैसे. हो, तेही खरं. आम्हीही त्याचसाठी. आणि तुम्ही कधी बरोबर येत नाही. आज पहिल्यांदा आलात. का आलात आज? — नाही सांगत. म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. आलात, बस.

थांबा हो. थांबा जरा. मला काहीतरी होतंय. म्हणजे एवढी वर्षं मी दर थँक्सगिव्हिंगला सोफ्यावर बसून त्या माणसासाठी रडते. आमची सगळी गल्ली रडते. आम्ही सगळे गस. न्हावी गस, काका गस, एफ्राइनच्या खोलीत तर भिंतीवर गस, झोपताना हात लावतो त्याला. आणि आज तो बसनं आलाय, त्याचं नाव आम्ही पोस्टरवर छापलेलं नाही — आणि आम्ही सगळे तिकिटं काढून बसलोय, तो पडताना बघायला. आमच्यातल्या एकालाही कळलं नाही. काकांना नाही, मला नाही. मी तर अर्धा तास तुमच्या शेजारी बसून तुम्हालाच सांगतेय पहिला भाग! मग एफ्राइन कोण झाला? त्या गावचा लाडका. मला तर त्या लाडक्याचं नावही आठवत नाही. सिनेमात त्याची बायको असेल का हो? कुठेतरी बाकावर?

घंटा. शेवटची ना ही? मिस्टर फ्लड, शेवटची का? सहा? — हो. झाली. संपली फाईट. उभा आहे का तो? अहो मिस्टर फ्लड, आज एकदा तोंड उघडा, मी तुम्हाला हात जोडते, एफ्राइन उभा आहे का? ...उभा आहे. दोघंही उभे आहेत. ऐकलंत? दोघंही आपल्या पायांवर. तुमचे पण. हात सोडा माझा — नको, राहू दे. राहू दे तसाच.

आता गुण मोजत असतील. कागद गोळा करतात तिघा पंचांकडून, मग तो सूटवाला माईक घेतो. आता तो नाव घेईल, आणि आवाज येईल. एफ्राइनचं नाव असलं तर छप्पर उडेल, बघा. आणि नसलं तर शिव्या. आमची माणसं शिव्या घालण्यात मागे नाहीत, बर्फ जास्त पडला तर बर्फालासुद्धा घालतात. काहीतरी येणारच. गप्प बसणं आमच्या लोकांना माहीतच नाही —

...

ऐकू येतंय?

काहीच नाही.

शिवी पण नाही.

ऊठ. अगं ऊठ ना, बसलीस काय अशी! नाही, मी ठीक आहे. मी अगदी ठीक आहे, हे आपलं असंच येतं डोळ्यांत, लिंबाचा बर्फ डोक्यात गेला. तुझा नवरा उभा असेल तिकडे मधोमध, हात वर केलेला, आणि एवढ्या लोकांत एक टाळी नाही. तुला सांगितलं ना मी सिनेमात काय होतं ते? मग? मी? मी नाही येत. एफ्राइन आत्ता गर्दीत माझा चेहरा शोधत असेल, आणि माझ्या चेहऱ्यावर आत्ता जे आहे ना ते त्याला दिसायला नको. मी इथंच बसते, येईल तो बाहेर. बर्फ उरलाय थोडा, डोळ्याला लावायला होईल.

पिशवी राहू दे, मी बघते पिशवी. तू जा. दारातूनच वाजव, रिंगपर्यंत जायची पण गरज नाही, पण मोठ्यानं वाजव. जा गं. आणि मागे दार ओढून घे — बाळाला आवाज सोसत नाही.